चुकलेल्या सुराचा हिशेब

बेसबॉलमध्ये चूक कोणाची हे ठरवायला पगारी माणूस नेमलेला असतो. त्याला ‘ऑफिशियल स्कोअरर’ म्हणतात. मैदानावरचे अंपायर बाद की नाबाद एवढंच बघतात. बॅटर पहिल्या बेसवर पोहोचला तो स्वतःच्या फटक्याच्या जोरावर की क्षेत्ररक्षकाच्या गबाळेपणामुळे, हा निकाल वर प्रेस बॉक्समध्ये बसलेला हा गृहस्थ देतो. आमचे स्कोअरर निवृत्त शाळामास्तर आहेत. मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणते. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर माझा संगणक असतो. माझ्या कामाला त्यांच्याइतका अधिकार नाही, धावपळ मात्र जास्त आहे. पडलेला प्रत्येक चेंडू नोंदवायचा, फटका कुठे गेला, कोणी अडवला, कोणाकडे फेकला, हे सगळं पुढचा चेंडू पडायच्या आत. वेग आणि फिरकी कॅमेरे मोजतात, पण मैदानावर नेमकं काय घडलं ते अजून माणसालाच सांगावं लागतं. पिचरच्या मागे घड्याळ लावल्यापासून तर बोटांना उसंत नाही.

हे सगळं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका छोट्या शहरात चालतं. मुख्य लीगच्या खाली ज्या चार पायऱ्या आहेत, त्यातल्या वरून दुसऱ्या पायरीवरचा, म्हणजे डबल-एचा आमचा संघ. मंगळवार ते रविवार रोज एक सामना, सोमवारी सुट्टी. मुंबईत असताना मी क्लब क्रिकेटची स्कोअरर होते. कांगा लीग भर पावसाळ्यात खेळतात. आझाद मैदानावरच्या तंबूत वही कोरडी ठेवणं हेच तिथलं अर्धं कौशल्य. लग्नानंतर इथे आले आणि कामाचा परवाना हातात आल्यावर संध्याकाळचं काहीतरी शोधत असताना ही जाहिरात दिसली. मुलाखतीत मी क्रिकेटची वही दाखवली. ती त्यांना एका अक्षराने कळली नाही, पण खाडाखोड नाही हे मात्र दिसलं असावं.

तर चुकीबद्दल. नियमपुस्तकातली कसोटी ‘सामान्य प्रयत्नां’ची आहे. त्या दर्जाच्या सर्वसाधारण खेळाडूला जो चेंडू पकडता यायला हवा होता तो सुटला, तर चूक. सूर मारूनही सुटला तर चूक नाही, कारण सूर मारणं हा मुळात सामान्य प्रयत्नच नव्हे. काका ‘हिट’ म्हणतात, मी कळ दाबते, आणि त्या फटक्यातून निघालेली धाव पिचरच्या खात्यावर चढते. पिचरची सरासरी म्हणजे दर नऊ इनिंगमागे त्याच्या नावावर लागलेल्या धावा. क्षेत्ररक्षकांच्या चुकांतून आलेल्या धावा त्यातून वगळतात, धाडसातून आलेल्या वगळत नाहीत.

एक बुधवार सांगते. आमचा पिचर उंच, डावखुरा, जेमतेम बाविशीचा. पहिल्या तीन इनिंग त्याने ४१ चेंडूंत उरकल्या, म्हणजे अगदी काटकसरीने. चौथ्या इनिंगमध्ये दोन बाद झाले होते आणि एक धावपटू पहिल्या बेसवर होता. पुढच्या बॅटरने डाव्या आणि मधल्या आऊटफिल्डच्या फटीत खाली उतरत जाणारा सपाट फटका मारला. आमचा सेंटर फील्डर सुसाट धावतो आणि प्रेक्षकांचा लाडका आहे. तो धावत पुढे आला आणि त्याने सूर मारला. चेंडू ग्लव्हच्या वीतभर अलीकडे टप्पा खाऊन त्याच्या अंगाखालून निघाला आणि थेट भिंतीपाशी गेला. पहिल्या बेसवरचा गडी घरी आला, फटका मारणारा तिसऱ्या बेसवर उभा राहिला. सेंटर फील्डर उठला तेव्हा जर्सी पुढून मातीने माखलेली होती. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. न मिळालेल्या झेलासाठीही अमेरिकेत टाळ्या पडतात, आणि ते मला आवडतं.

तो थांबला असता, चेंडूला एक टप्पा खाऊ दिला असता, तर एकच बेस गेला असता, धाव झाली नसती. त्याऐवजी पुढच्या बॅटरने चिकाटीने नऊ चेंडू खेळून वॉक मिळवला, म्हणजे चार चेंडू बाहेर पडून फुकटचा पहिला बेस. त्याच्या पुढच्याने दोन बेसचा फटका मारला आणि दोघे घरी आले. डगआऊटमधून कोच निघाले. त्या एका इनिंगमध्ये पोराने ३४ चेंडू टाकले होते. या वयात एका दमात तिशीच्या पुढे गेलं की संघ पिचरला काढूनच घेतो, तिथे धावसंख्या कोणी बघत नाही. नवा पिचर आला, त्याने पहिल्याच फटक्यावर दुसऱ्या बेसवरच्या गड्याला घरी येऊ दिलं. ती धावही गेलेल्याच्याच नावावर लागली, कारण बेसवर माणूस ठेवून गेला तो हा. कागदावर उरलं ते असं: तीन इनिंग आणि दोन बाद, चार धावा, चारही त्याच्या स्वतःच्या. सेंटर फील्डरच्या रकान्यात काहीच नाही.

आता यातला खरा खर्च त्या चार धावांचा नव्हता. तो पुढच्या चार दिवसांत वसूल झाला.

एका इनिंगला साधारण सोळा चेंडू पडतात. नऊ इनिंगचे झाले दीडशेच्या आसपास. आठवड्यात सहा सामने, म्हणजे नऊशे चेंडू कोणीतरी टाकायचेच आहेत, पाऊस पडो की ऊन तापो. सुरुवात करणारा पिचर पाच इनिंग आणि ऐंशी-नव्वद चेंडू देतो, मग त्याचा हात पाच-सहा दिवस मिळत नाही. उरलेल्या चार इनिंग बुलपेनमधले रिलीव्हर, म्हणजे नंतर येणारे बदली पिचर, वाटून घेतात. त्यातला ज्याने काल तीस टाकले तो आज नाही, ज्याने काल आणि परवा दोन्ही दिवस टाकले तोही आज नाही. बुलपेन म्हणजे मुंबईच्या जुन्या सोसायटीतली पाण्याची टाकी. भरण्याची वेळ ठरलेली, आणि सकाळी कोणी नळ उघडा टाकून गेला की रात्री भांडी घासायला पाणी नाही. त्या बुधवारी पाच इनिंगहून जास्त खेळ रिलीव्हरांवर पडला आणि तिघे एका रात्रीत खर्ची पडले. शुक्रवारी एकाला वरच्या पायरीवर बोलावणं आलं, कारण त्या पायरीवरचा कोणी मुख्य संघात गेला होता. वरची टंचाई खालीच उतरते. रविवारी आम्ही सातव्या इनिंगमध्ये दहा धावांनी मागे होतो आणि आमचा राखीव कॅचर पिचरच्या उंचवट्यावर उभा राहून ताशी पंचावन्न मैलांनी चेंडू उचलून टाकत होता. प्रेक्षकांना गंमत वाटते. पोरं मोबाईल काढून चित्रण करतात. मला त्यात गंमत दिसत नाही. तो कॅचर आहे, त्याच्या खांद्याची किंमत वेगळ्या कामासाठी मोजलेली आहे.

सगळं त्या एका सुरामुळे झालं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. वॉक पिचरनेच दिला, दोन बेसचा फटकाही त्यानेच खाल्ला. पण इनिंग तिथे संपायला हवी होती किंवा निदान स्वस्तात सुटायला हवी होती, आणि या सगळ्यातलं एक अक्षर मी भरलेल्या नोंदीत सापडत नाही.

पिचर एवढे महाग का झालेत, हे समजायला कोपराकडे बघावं लागतं. कोपराच्या आतल्या बाजूला वरच्या आणि खालच्या हाडाला धरून ठेवणारा एक अस्थिबंध असतो. चेंडू टाकताना हात मागून पुढे येतो त्या क्षणी सगळा ताण त्याच्यावर येतो. पूर्वी तो तुटला की माणूस संपला. १९७४ साली लॉस एंजेलिस डॉजर्सच्या टॉमी जॉन या पिचरवर डॉ. फ्रँक जोब यांनी मनगटाकडचा एक कंडरा काढून कोपरात विणण्याची शस्त्रक्रिया केली. १९७६ मध्ये तो परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला. शस्त्रक्रियेला त्याचंच नाव मिळालं. आज आमच्यासारख्या संघात बाहीखाली तो व्रण असलेला कोणी नसेल असं होत नाही, आणि तो व्रण लपवायचीही कोणाला गरज वाटत नाही. परत यायला मात्र वर्षभराहून जास्त काळ जातो.

शस्त्रक्रिया सुधारली तसा वेग वाढला. मुख्य लीगमध्ये वेगवान चेंडूची सरासरी आता ताशी ९४ मैलांच्या वर गेली आहे, म्हणजे सुमारे १५१ किलोमीटर. ही सरासरी आहे, विक्रम नव्हे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ती दोन-अडीच मैल कमी होती. डिसेंबर २०२४ मध्ये मुख्य लीगने स्वतःच दुखापतींवरचा अहवाल काढला, त्यातही बोट याच गोष्टींकडे होतं: वेगाचा हव्यास, चेंडू जास्तीत जास्त वळवण्याचा हव्यास आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीनिशी टाकणं. मला त्यातलं दुष्टचक्र माझ्या खुर्चीवरून रोज दिसतं. पिचरला कमी चेंडू टाकायचे असतात म्हणून तो प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकतो. जीव तोडून टाकतो म्हणून लवकर थकतो. लवकर थकतो म्हणून संघाला आणखी पिचर लागतात. मुख्य लीगमध्ये २६ जणांच्या संघात १३ पेक्षा जास्त पिचर ठेवायला बंदी घालावी लागली ती उगाच नाही. मोकळीक दिली असती तर संघांनी अठरा ठेवले असते.

ही भूक किती मोठी आहे ते आपल्याकडच्या लोकांना एका गोष्टीवरून कळेल. २००८ साली भारतात, जिथे बेसबॉल जवळजवळ खेळतच नाहीत, तिथे वेगवान हात शोधायला स्पर्धा घेतली गेली. उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, त्यातून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं. अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलमध्ये करार मिळालेले ते पहिले भारतीय. पुढे २०१४ मध्ये सिनेमा निघाला. इंडियन ग्रोसरीच्या दुकानात माझं काम कळलं की लोक अजूनही त्या दोघांबद्दल विचारतात. ते मुख्य लीगपर्यंत पोहोचले नाहीत आणि रिंकू पुढे कुस्तीच्या रिंगणात गेला, हे सांगितलं की विषय बदलतात.

आता क्षेत्ररक्षकाची बाजू, कारण मी त्याच्या विरोधात आहे असं वाटायला नको.

सगळे सूर सारखे नसतात. इनफिल्डमधल्या खेळाडूने, शॉर्टस्टॉपने वगैरे, सूर मारला आणि चेंडू सुटला तर बहुधा एकच बेस जातो. तो तसाही जाणारच होता. तिथे न झेपावणं हाच आळस. आऊटफिल्डमध्ये, विशेषतः मधोमध, मागे कोणी नसतं. डावीकडचा किंवा उजवीकडचा वेळेवर धावून आला तर ठीक, नाहीतर चेंडू भिंतीपर्यंत लोळतो. शिवाय स्थिती बघायची. शेवटच्या इनिंगमध्ये बरोबरी असेल, तिसऱ्या बेसवर माणूस असेल आणि चेंडू खाली पडला की सामना संपणार असेल, तर झेप घ्यायचीच. वाचवायला मागे काही उरलेलंच नसतं. चौथ्या इनिंगमध्ये दोन बाद असताना गणित वेगळं असतं.

२०१५ पासून मुख्य लीगच्या सगळ्या मैदानांवर खेळाडूंची हालचाल मोजणारी यंत्रणा आली आणि २०१७ मध्ये त्यातून झेलाची शक्यता काढायला लागले: खेळाडूला किती अंतर कापायचं होतं, किती सेकंदांत, कोणत्या दिशेने. शंभरात पंचवीस किंवा त्याहून कमी शक्यतेचा झेल घेतला तर पाच तारे. पोरांना हे तारे तोंडपाठ असतात. ताऱ्यांना माझा आक्षेप नाही. फक्त एवढंच म्हणणं आहे की तोच चेंडू सुटला तर काय झालं, हे ताऱ्यांच्या भाषेत बसत नाही. पाच ताऱ्यांचा चेंडू सोडला तर कोणी बोट दाखवत नाही, आणि त्याच मोकळिकीने चाळिशीच्या पिचकाउंटवर असलेल्या पोराला पंचाहत्तरीवर नेऊन सोडता येतं.

बेसबॉलमधला सगळ्यात प्रसिद्ध झेल सूर मारून घेतलेला नाहीच, हे मला फार उशिरा कळलं. २९ सप्टेंबर १९५४, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना. आठव्या इनिंगमध्ये २-२ बरोबरी, क्लीव्हलँडची दोन माणसं बेसवर, कोणी बाद नाही. व्हिक वर्ट्झचा फटका मधोमध खोल गेला. जायंट्सचा विली मेज पाठमोरा धावत सुटला आणि पाठमोराच, डोक्यावरून येणारा चेंडू त्याने छातीपुढे पकडला. लोकांना तेवढंच आठवतं. मी जेव्हा ती जुनी चित्रफीत पाहते तेव्हा माझी नजर पुढच्या क्षणावर असते. तो पकडल्या पकडल्या गर्रकन वळतो आणि टोपी उडत असताना चेंडू आत फेकतो. दुसऱ्या बेसवरचा लॅरी डोबी तिसऱ्यावर पोहोचतो, पण त्यापुढे नाही. एवढ्या खोल झेलावर डोबीसारखा माणूस थेट घरी येऊ शकला असता. मेज पायांवर उभा होता म्हणून ती फेक शक्य झाली. त्या एका बॅटरसाठी आणलेल्या डॉन लिडलला लगेच काढून दुसरा पिचर आणला, एकही धाव झाली नाही, आणि जायंट्स दहाव्या इनिंगमध्ये ५-२ ने जिंकले.

धाडसाचं बिल दरवेळी पिचरच्याच नावाने येतं असंही नाही. जून २०२३ मध्ये डॉजर्सच्या मैदानावर यांकीजचा आरन जज धावत जाऊन बुलपेनच्या दारावर आदळला. दार उघडलं, झेल हातात राहिला, पण पायाचा अंगठा खालच्या काँक्रीटच्या कडेवर आपटला आणि अंगठ्याचा अस्थिबंध फाटला. संघाचा सर्वांत मोठा फटकेबाज जुलैच्या अखेरीपर्यंत बाहेर. मे १९९५ मध्ये सिअ‍ॅटलच्या केन ग्रिफी ज्युनियरने भिंतीवर चढून झेल घेतला आणि मनगट मोडलं, ७३ सामने गेले. २००६ मध्ये फिलाडेल्फियाच्या आरन रोवँडने बेस भरलेले असताना जाळीवर नाक फोडून घेतलं, चेंडू मात्र सोडला नाही. हे तिन्ही झेल पूर्ण झाले. म्हणजे हे यशस्वी धाडसाचे खर्च आहेत. शिवाय असा फटकेबाज गेला की त्याच्या वाटच्या धावा जातात, सामने एकेका धावेवर येऊन ठेपतात, आणि अटीतटीच्या सामन्यात संघ दमलेल्या रिलीव्हरलाही उठवतो. फिरून बोजा त्याच हातांवर.

मुंबईची असल्यामुळे मला इथे एकनाथ सोलकर आठवतात, आणि आठवतात ते उलट बाजूने. २७ कसोटींत ५३ झेल, त्यातले किती तरी बॅटच्या तोंडापाशी, हेल्मेट न घालता. १९७१ च्या ओव्हल कसोटीत व्यंकटराघवनच्या चेंडूवर अ‍ॅलन नॉटचा त्यांनी झेपावून घेतलेला झेल आपल्याकडे अजून सांगितला जातो. त्या धाडसाने फिरकी गोलंदाजांना विकेट मिळत होत्या, आणि सुटला तर एखाद-दुसरी धाव जायची. धोका होता तो सगळा सोलकरांच्या डोक्याला. गोलंदाजाच्या खात्यावर त्यातलं काही चढत नव्हतं. आमचा सेंटर फील्डर नेमकी उलटी बोली लावतो. त्याला फार तर खरचटतं, गमावतो तो दुसराच.

हे सगळं एवढ्या ठळकपणे मला उमगलं ते २०२५ च्या शरद ऋतूत, वर्ल्ड सिरीज बघताना. आमचा मोसम सप्टेंबरात संपतो, मग मी घरी सोफ्यावर बसून इतरांची कामं बघते. डॉजर्स आणि टोरोंटो ब्लू जेज. तिसरा सामना १८ इनिंग चालला, आमच्या घड्याळात पहाटेचे पावणेतीन वाजून गेले. डॉजर्सच्या बुलपेनमध्ये शेवटी एकच माणूस उरला होता, विल क्लाईन, ज्याचं नाव त्या रात्रीपर्यंत कोणाच्या तोंडी नव्हतं. त्याने चार इनिंग आणि ७२ चेंडू टाकले. आणि त्याच वेळी डॉजर्सचाच, एरवी सुरुवात करणारा पिचर योशिनोबू यामामोतो हात गरम करत होता. दोनच दिवसांपूर्वी त्याने पूर्ण नऊ इनिंग टाकल्या होत्या! फ्रेडी फ्रीमनने होमरन मारून सामना संपवला म्हणून यामामोतोचा खांदा वाचला. नवरा मध्येच उठून झोपायला गेला होता. सकाळी त्याला सांगितलं तर म्हणाला, “अगं, एवढ्या श्रीमंत संघाकडे माणसं संपतात?” संपतात.

सहाव्या सामन्यात डॉजर्स ३-१ ने पुढे होते. नवव्या इनिंगमध्ये ब्लू जेजची माणसं दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर, कोणी बाद नाही. त्या रात्री सुरुवात करणाऱ्या यामामोतोचे ९६ चेंडू कधीच टाकून झाले होते. टायलर ग्लासनाऊला आणलं. तोही एरवी सुरुवात करणारा पिचर, कोपरावर २०२१ मध्ये टॉमी जॉन झालेला. पहिल्या चेंडूवर पॉप-अप, एक बाद. मग आंद्रेस हिमेनेसने डाव्या आऊटफिल्डपुढे सपाट फटका टाकला. डॉजर्सचा किके हर्नांडेझ तिथे एरवीपेक्षा पुढे येऊन उभा होता, तो आणखी आत धावत आला. सुटला असता तर दोन्ही धावा आणि बरोबरी. त्याने झेल घेतला, आणि दुसऱ्या बेसवरचा गडी पुढे निघून गेला आहे हे बघून त्याच धावत्या पावलांवर दुसऱ्या बेसकडे फेक केली. सामना संपला. ग्लासनाऊचे चेंडू झाले फक्त तीन.

तीनच झाले म्हणून दुसऱ्या दिवशी, सातव्या सामन्यात, तो पुन्हा उभा राहू शकला आणि त्याने सात बाद मिळवून दिले. त्या रात्री डॉजर्सने एरवी सुरुवात करणारे चार पिचर वापरले. त्यातला शेवटचा यामामोतो, आदल्या दिवशीच्या ९६ चेंडूंनंतर. नवव्या इनिंगमध्ये बेस भरलेले असताना एर्नी क्लेमेंटचा फटका खोल गेला. नुकताच बदली म्हणून आलेला अँडी पाहेस धावत येऊन हर्नांडेझवर आदळला, हर्नांडेझ आडवा झाला, चेंडू पाहेसच्या ग्लव्हमध्ये राहिला. अकराव्या इनिंगमध्ये ५-४ ने डॉजर्स जिंकले. तो झेल पाहताना मात्र मी सोफ्यावरून उठले होते. इनिंग संपवणारं धाडस आणि इनिंग लांबवणारं धाडस यांत चार बोटांचं अंतर असतं, आणि पाहेसला त्या क्षणी निवडायला काही नव्हतंच. सुटला असता तर मोसमच संपला असता.

मी संगणकाशेजारी एक चोपडं ठेवते. नोकरीचा भाग नाही, जुनी सवय. कांगा लीगमध्ये सुटलेल्या झेलासाठी अधिकृत रकाना नसायचा, तरी मी कडेला बारीक टिंब द्यायची, कारण कॅप्टन नंतर विचारायचाच. इथे मी दोन रकाने करते: आऊटफिल्डमध्ये सूर मारला आणि सुटला, तर त्या इनिंगमध्ये पुढे किती चेंडू पडले, आणि सूर मारून पकडला, तर इनिंग तिथे संपली का. पहिला रकाना भरणं सोपं. दुसऱ्यात न पडलेले चेंडू मोजायचे असतात, ते कसे मोजणार? म्हणून दुसरा रकाना नेहमी हलका दिसतो आणि सेंटर फील्डरवर अन्याय होतो, हे मला ठाऊक आहे.

आमच्या पिचिंग कोचनी एकदा ते चोपडं चाळलं. शेजारी आऊटफिल्डचे कोचही होते. दोघांचं जमलं नाही, जमेल असं वाटलंही नव्हतं. पिचिंग कोचचं म्हणणं, किती बाद झाले हे जसं प्रत्येक आऊटफिल्डरच्या डोक्यात असतं, तसं पिचरने किती चेंडू टाकले आणि मागे किती माणसं उरली हेही असलं पाहिजे. आऊटफिल्डचे कोच म्हणाले, अर्ध्या सेकंदात कोणाला आकडे आठवतात? पोराच्या डोक्यात शंका घातली की तो पकडण्यासारखाही सोडेल. त्यांचं चुकत नव्हतं. मी एवढंच म्हटलं की निर्णय त्या अर्ध्या सेकंदात होतच नाही, तो चेंडू पडायच्या आधी, उभं कुठे राहायचं तिथेच निम्मा होऊन जातो. आऊटफिल्डरच्या खिशात एक कार्ड असतं. कोणत्या बॅटरसाठी किती पावलं डावीकडे, किती मागे, ते त्यावर छापलेलं असतं. दोन बॅटरच्या मधल्या वेळात ते बाहेर काढून बघतात.

त्यावर दोघांनी काय ठरवलं ते मला कोणी सांगितलं नाही. पण पुढच्या मोसमात सेंटर फील्डरच्या कार्डाच्या कोपऱ्यात पेनाने एक आकडा लिहिलेला दिसायला लागला: आज रात्री किती रिलीव्हर हाताशी आहेत. मंगळवारी तो सहा असतो, रविवारी कधीकधी दोन.